जीपीएसची उंची, वारा आणि विंगसूट: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

विंगसूट, म्हणजे हातापायांमध्ये कापडी पंख असलेला पोशाख घालून विमानातून उडी मारणाऱ्यांच्या स्पर्धा; त्यांवरील माझ्या लेखावर आपले तीन आक्षेप आहेत: जीपीएसने मोजलेली उंची भरवशाची नसते, निकाल वाऱ्याच्या मर्जीवर ठरतो, आणि दोघे शेजारी शेजारी उडाल्याशिवाय तिला शर्यत म्हणता येत नाही. मुरगाव बंदरात नांगरलेल्या जहाजावर हातातला जीपीएस उणे उंची दाखवत असे, हा आपल्या तारवटी, म्हणजे जहाजावरील नोकरीच्या, दिवसांतील दाखला मला विशेष आवडला, कारण पहिल्या आक्षेपाचे उत्तर त्यातच दडलेले आहे.

उपग्रहांवरून उंची निघते ती पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून, आणि भारताभोवतीची खरी समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या कित्येक मीटर खाली आहे. दुरुस्ती न लावलेले यंत्र तेथे उणे आकडाच दाखवणार. परंतु धक्क्यावर जेवढी ही तफावत, जवळपास तेवढीच ती धक्क्याच्या माथ्यावरील आकाशातही असते. स्पर्धेत वेळ, अंतर आणि वेग यांचे गुण ठरतात ते उंचीच्या 1000 मीटरच्या पट्ट्यात, जो पूर्वी जमिनीपासून 3000 ते 2000 मीटर होता आणि आता 2500 ते 1500 मीटर आहे. दोन्ही टोकांवरील सारखी चूक वजाबाकीत निघून जाते. उपग्रहांमुळे येणारी उरलेली चूकही सहसा सावकाश बदलते, आणि पट्टा पार व्हायला सहसा दीडेक मिनिटाहून अधिक लागत नाही. उडणाऱ्याने सोबत नेलेले फ्लायसाइटसारखे जीपीएस यंत्र सेकंदाला पाच नोंदी करते. समजा एका नोंदीत उंची 2501.2 आणि पुढच्या नोंदीत 2498.6 आली, तर 2500चा, म्हणजे पट्ट्यात शिरण्याचा, क्षण त्या दोहोंमधून गणिताने काढतात. शिवाय प्रत्येक नोंदीसोबत ती किती अचूक असावी याचा अंदाजही यंत्र लिहून ठेवते. आपल्या हातातल्या यंत्राने तो कधी दाखवला होता का?

वाऱ्याबद्दलचे आपले म्हणणे मला निम्मे मान्य आहे. अंतर जमिनीवरून सरळ रेषेत मोजतात, त्यामुळे पाठीमागचा वारा फायद्याचाच ठरतो. म्हणून गुण निव्वळ मीटरवर देत नाहीत. फेरीतील सर्वोत्तम कामगिरी 100 टक्के धरून इतरांची तिच्याशी तुलना होते. विमानाच्या पहिल्या आणि शेवटच्या खेपेदरम्यान वारा फिरला, तर मात्र शेवटच्या खेपेतल्यांवर अन्याय होऊ शकतो, आणि त्यावर पूर्ण तोडगा मला दिसत नाही. तरीही केवळ नशिबावर जिंकणे कठीण आहे, कारण वेळ, अंतर आणि वेग हे तीन प्रकार एकमेकांच्या विरुद्ध ओढतात: वेळेसाठी शरीर शक्य तितके सपाट ठेवून उतरण्याचा वेग कमी करावा लागतो, वेगासाठी तीव्र उतार घ्यावा लागतो, अंतरासाठी या दोहोंमधला कोन अचूक धरावा लागतो. पट्ट्यात शिरण्यापूर्वी सूर मारून कमावलेला वेग नेमका कोठे खर्च करायचा, हे कौशल्य तर वेगळेच. गोव्यातील केरीच्या सड्यावरून उडणाऱ्या पॅराग्लायडरच्या कानाशी व्हॅरिओ, म्हणजे चढ-उताराचा वेग आवाजाने सांगणारे यंत्र, वाजते, तसा येथेही यंत्राचा आवाज बदलत जातो. तो ऐकून कोन सुधारणे वाऱ्याच्या हाती नसते.

शेजारी शेजारी उडण्याची आपली सूचना ऐकायला रंजक असली तरी घातक आहे. एकाच्या मागे विस्कटलेल्या हवेत दुसरा सापडला तर त्याचे नियंत्रण सुटू शकते, आणि दोघांचा वेग ताशी 200 किलोमीटरच्या वर असताना टक्कर म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. म्हणूनच प्रत्येकाला स्वतंत्र मार्गिका आखून दिलेली असते, आणि ती ओलांडल्यास दंड ठरवायला पुरावा म्हणून तीच जीपीएस नोंद वापरतात.