वाटे लावायच्या आधी

परवा बॅलार्ड लॉक्सला (बोटी वर-खाली नेणारे पाण्याचे दरवाजे) गेलो होतो, सिएटलवाल्यांना माहितीये, तिथे फिश लॅडरच्या, म्हणजे माशांसाठी बांधलेल्या पायऱ्यांच्या, काचेतून सॅमन वर चढताना दिसतात. सोबतचा मित्र तिथेच म्हणाला, मूठभर आदिवासी आणि निम्मे मासे त्यांचे, हे कुठलं गणित? तेव्हापासून डोक्यात आहे, म्हणून लिहितोय.

गणित 1854-55 चं आहे. गव्हर्नर स्टीव्हन्सने इथल्या, म्हणजे आजच्या वॉशिंग्टन राज्यातल्या, ट्राइब्सकडून (आदिवासी जमातींकडून) करार करून जमीन घेतली, पण नेहमीच्या जागी मासे धरायचा हक्क त्यांनी सोडला नाही. म्हणजे तो कोणी त्यांना दिलेला नाहीये, त्यांचाच होता, त्यांनी राखून ठेवला! तरी पुढे राज्य त्यांनाच पकडत राहिलं. निस्क्वाली ट्राइबचे बिली फ्रँक ज्युनियर 1945 मध्ये पहिल्यांदा अटक झाले तेव्हा 14 वर्षांचे होते, नंतर 50 पेक्षा जास्त वेळा. शेवटी 1974 ला फेडरल कोर्टाच्या जज बोल्टने सांगितलं, निम्मा वाटा त्यांचा, आणि 1979 ला सुप्रीम कोर्टानेही ते मानलं.

आता निम्मा कशाचा ते बघा. आपल्याकडे कोळीण वाटे लावते ते टोपलीत आलेल्या मासळीचे. इथे आधी अंडी घालायला जेवढे मासे नदीत वर पोचले पाहिजेत तेवढे सोडायचे, मग उरलेल्याचे दोन वाटे. दर वसंतात राज्य आणि ट्राइब्स एकत्र बसून सीझन ठरवतात ते यासाठीच.

आणि मासे वर पोचत का नाहीत? एक मोठं कारण म्हणजे आपले रस्ते. रस्त्याखालच्या कित्येक मोऱ्या अशा बांधल्यात की सॅमनला त्या ओलांडताच येत नाहीत. ट्राइब्स कोर्टात गेल्या, राज्याला मोऱ्या दुरुस्त करायचा आदेश झाला, 2018 ला सुप्रीम कोर्टात जजेसची मतं 4-4 अशी समसमान पडली म्हणून तो टिकला. खर्च अब्जावधी डॉलर आहे आणि लोक टॅक्सच्या नावाने ओरडतात, पण त्या रस्त्यांवरून रोज गाड्या आपणच चालवतो ना? मी तरी हा टॅक्स आनंदाने भरेन.

एल्वा नदीचं तर मला फारच वाटतं. याच राज्यातल्या या नदीवरची दोन धरणं पाडायला 2011 मध्ये सुरुवात झाली, आणि तेव्हाच तिथली लोअर एल्वा क्लॅलम ट्राइब, राज्य, नॅशनल पार्क सगळ्यांनी मिळून नदीत मासेमारी बंद केली. लोअर एल्वा क्लॅलम लोकांनी धरणं जावीत म्हणून इतकी वर्षं झगडा केला, आणि नदी मोकळी झाल्यावरही जाळं टाकलं नाही. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा थोडे कोहो (सॅमनचाच एक प्रकार) धरले, तेही विधीपुरते आणि घरी खाण्यापुरते.

मित्राला हे सगळं सांगितलं. पुढच्या सुट्टीत आम्ही एल्वाला जाणार आहोत.