डिपर नव्हे काका, बेस!

काल रात्री नळस्टॉपच्या सिग्नलला पुढचे स्कूटरवाले काका गाडी स्टँडवर लावून माझ्या खिडकीशी आले. हेल्मेट आरशाला लटकवलेलं.

"किती डिपर मारताय? सिग्नल लाल आहे. मी काय उडून जाऊ?"

"डिपर नाही काका. बेसचा ठोका पडला की ॲम्प्लिफायर करंट खेचतो, व्होल्टेज पडतं, दिवे मंद होतात."

"गाणं कानाने ऐकतात, दिव्याने नाही." मग एकदम गंभीर होऊन, "मी वीज मंडळातून रिटायर झालोय. लोड किती?"

"हजार वॅट."

"आणि मंजूर लोड?"

"अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज बनवणारं यंत्र, ७० अँपियरचा आहे."

"मग लोड वाढवून मिळावा म्हणून अर्ज केलाय का?"

"अर्ज कुणाकडे करणार? मोठा अल्टरनेटर मागवलाय, यायचाय अजून."

"म्हणजे मंजुरीआधीच वापर सुरू. आमच्या वेळी अशांचं कनेक्शन तोडायचो." सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्नचा कल्लोळ. "काका, सुटला सिग्नल." "सुटू दे. अर्थिंग नीट केलंय का?"

चारचौघांत झापून घेण्याचं मला काही वाटलं नसतं. संताप याचा, की अख्ख्या प्रकरणात हा एकच शहाणा प्रश्न होता आणि तो विचारायचं ज्यांनी पैसे घेतले त्या दुकानदाराला सुचलं नाही. त्याचा सल्ला होता, "साहेब, एक फॅरडचा कॅपॅसिटर टाका, वीज साठवून ऐनवेळी देतो, विषय संपला!"

संपतो की! १४.४ व्होल्टवरून १२ वर येईपर्यंत एक फॅरडमधून मिळतात जेमतेम ३२ जूल ऊर्जा. क्लास डी, म्हणजे कमी वीज वाया घालवणाऱ्या जातीचा ॲम्प्लिफायर ८० टक्के कार्यक्षम धरला तरी हजार वॅटसाठी तो १२५० वॅट ओढतो, म्हणजे १३.८ व्होल्टला ९० अँपियर. ३२ जूल सेकंदाच्या चाळिसाव्या हिश्श्यात फस्त. नळाला धार नसताना मोठा हंडा आणून ठेवण्यातला हा प्रकार. शिवाय १४ चे १२ व्होल्ट झाले की हॅलोजनचा उजेड चाळीसेक टक्क्यांनी पडतो. काकांना डिपर दिसला यात त्यांची चूक नाही.

एसी, हेडलाइट, रेडिएटरचा पंखा, फ्युएल पंप मिळून गाडी स्वतःच ३०-४० अँपियर खाते. सिग्नलला इंजिन आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता हळू चालू असताना ७० चा अल्टरनेटर त्याच्या निम्माच देतो. गाण्याची सरासरी ओढ कमाल ओढीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी धरली तरी १४०-१५० चा अल्टरनेटर लागतो. विकत घेताना छापील आकड्यावर जाऊ नका, "आयडलला किती देतो?" ते विचारा. उत्तर टाळलं तर उठा. "छोटी पुली टाकून देतो" हा पुढचा मंत्र. आयडलला फायदा होतो खरा, पण हायवेला अल्टरनेटर मर्यादेबाहेर फिरतो आणि पट्ट्याला पकड कमी मिळाल्याने तो घसरून किंचाळतो. नव्या गाड्यांत चार्जिंग ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो. तिथे अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर त्याच जातीचा नसेल, तर डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा विझायचं नाव घेत नाही.

आता काकांचं अर्थिंग, म्हणजे गाडीत मायनसचा चासीशी जोड. मोठा अल्टरनेटर बसवून जुन्याच बारीक वायरी ठेवल्या तर त्या तापतात आणि व्होल्टेज वाटेतच गळतं. तीन वायरी जाड हव्यात: अल्टरनेटर ते बॅटरी प्लस, बॅटरी मायनस ते चासी, इंजिन ते चासी. ५० चौरस मिलिमीटरचं शुद्ध तांबं, चासीवरचा रंग खरवडून. मायनस टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर असेल तर वायर सेन्सरच्या चासीकडच्या बाजूला, नाहीतर ईसीयूचा हिशेब चुकतो. प्लसच्या वायरीला बॅटरीपासून फूट-दीड फुटाच्या आत फ्यूज. कामाला हात घालण्याआधी मायनस काढायचा, कारण अल्टरनेटरचा प्लसची वायर लागणारा बोल्ट चावी बंद असतानाही जिवंत असतो. पाना इंजिनाला टेकला की दिवाळी. शेवटी सगळा लोड चालू ठेवून मल्टिमीटरचं एक टोक त्या बोल्टला, दुसरं बॅटरीच्या प्लसला. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वायर नाहीतर जोड, एक काहीतरी कच्चं आहे.

वायरीवरून परत तोच दुकानदार आठवला. त्याच्याकडच्या '३००० वॅट'च्या ॲम्प्लिफायरच्या डब्याला फ्यूज ४० चे दोन. ८० गुणिले १३.८, अकराशे वॅट. बाकीचे एकोणीसशे स्टिकरमधून येतात. आणि 'प्युअर कॉपर' वायर? ब्लेडने तार खरवडली की आतून पांढरंधोप ॲल्युमिनियम. "घासून बघू का?" म्हटलं तर, "कापलेला माल परत घेत नाही साहेब." म्हणून हातभर तुकडा विकत घ्यायचा आणि दुकानाच्या पायरीवरच ब्लेड चालवायचं. मालकाला राग येतो. येऊ दे.