पोटात घालणारी फाईल

आमच्या वाचनालयाची वेबसाईट कित्येक वर्षं एकाच एमडीबी फाईलवर चालली होती. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या नोंदी ठेवायच्या प्रोग्रामची फाईल, सभासद त्यातच, पुस्तकं त्यातच, कोणी काय नेलं आणि कधी आणणार तेही त्यातच. वेबसाईट मी हौसेने सांभाळतो, त्यामुळे मला यातलं कळतं असा सगळ्यांचा समज आहे आणि तो मी कधी मोडला नाही, हीच चूक झाली.

ॲक्सेसचा स्वभाव फार गरीब हो. काहीही टाका, पोटात घालतं. आणि पोटात घालतं म्हणजे अक्षरशः घालतं, कारण रेकॉर्ड डिलीट केला तरी फाईल लहान होत नाही, अधूनमधून कॉम्पॅक्ट अँड रिपेअर मारावं लागतं तेव्हा कुठे पोट आत जातं, आणि २ जीबीच्या पुढे तर जागाच नाही. एकावेळी २५५ जण वापरू शकतात असं कागदोपत्री आहे, पण आमच्याकडे काका आणि वेबसाईट हे दोघंच एकमेकांना पुरून उरायचे. काका म्हणजे एंट्री करणारे. त्यांनी फाईल उघडली की शेजारी एक छोटी एलडीबी नावाची लॉक फाईल तयार होते, म्हणजे आत कोणीतरी आहे अशी दारावरची चप्पलच. काका फाईल एक्सक्लुझिव्ह मोडमध्ये, म्हणजे दुसऱ्या कोणाला आत घ्यायचं नाही अशी, उघडून चहाला गेले की वेबसाईट बंद. परत आले की सुरू. शेवटी मीच मोठ्या तोंडाने म्हणालो की आपण एसक्यूएल सर्व्हर या मोठ्या डेटाबेसवर जाऊ, एका शनिवारचं तर काम आहे.

शनिवार सकाळी जुन्या फाईलमधल्या नोंदींचा इंपोर्ट लावला आणि मस्त मागे रेलून बसलो. मिनिटभरात लाल अक्षरात एरर, तारीख मर्यादेबाहेर आहे म्हणे. कुठली तारीख, ते सांगायला तो काय बांधील आहे? अर्धा दिवस शोधल्यावर सापडलं, एका सभासदाने पुस्तक नेलंय ते साल २०३. काकांनी २००३ लिहिताना एक शून्य खाल्लं होतं. ॲक्सेसला सन १०० पासून पुढची कुठलीही तारीख चालते, त्याने निमूट घेतली. एसक्यूएल सर्व्हरचा साधा डेटटाइम हा तारखेचा प्रकार मात्र १ जानेवारी १७५३ च्या आधीचं काही मानतच नाही. १७५३ च का, तर इंग्लंडने १७५२ साली कॅलेंडर बदललं, २ सप्टेंबरला झोपलेली माणसं उठली ती थेट १४ सप्टेंबरला, आणि त्या अकरा दिवसांच्या भानगडीत पडायला नको म्हणून गाडी पुढच्या वर्षापासून सुरू. आता त्या लोकांनी दिवस हरवले त्याचा आमच्या वाचनालयाला काय ताप, पण झाला. डेटटाइम२ नावाचा प्रकार सन १ पासूनचं सगळं घेतो, म्हणजे तो वापरला असता तर हे कळलंच नसतं, आणि खरं सांगतो, त्या दुपारी मला तेच हवं होतं.

काकांना फोन केला. "काका, एक पुस्तक २०३ साली गेलंय."

"परत आलंय का ते?"

"नाही."

"मग अठराशे वर्षांचा दंड लाव की."

तारीख सुधारली, इंपोर्ट झाला, वेबसाईट उघडली तर सभासदांच्या पानावर एकही माणूस नाही. एरर नाही, काही नाही, पान आपलं स्वच्छ. टेबलात बघावं तर सगळे हजर! शेवटी ध्यानात आलं की ॲक्सेसमध्ये 'हो' म्हणजे उणे एक आणि इकडे 'हो' म्हणजे एक. माझी क्वेरी, म्हणजे टेबलाला विचारायचा प्रश्न, उणे एकवाले चालू सभासद शोधत होती. उणे एक म्हणजे हो, हे मुळात सुचलं कोणाला?

मग सभासद दिसायला लागले तर त्यांच्या नावावर भलतीच पुस्तकं. ज्या गृहस्थांनी वर्षानुवर्षं फक्त पेपर वाचले त्यांच्याकडे चार कादंबऱ्या. झालं असं होतं की सोडून गेलेल्या सभासदांचे ऑटोनंबर, म्हणजे ॲक्सेसने आपोआप दिलेले क्रमांक, जुन्या फाईलमध्ये रिकामे पडलेले, आणि सर्व्हरने एकापासून सगळ्यांना ओळीने नवे नंबर वाटले, पुस्तकं मात्र जुन्याच नंबरांच्या दारात उभी. आयडेंटिटी इन्सर्ट नावाची सोय ऑन करून जुने नंबर जसेच्या तसे घालता येतात, तेही एकावेळी एकाच टेबलला, हे मला टेबल तिसऱ्यांदा रिकामं करताना कळलं.

सगळ्यात गंमत पुढे. जुनी पुस्तकं छान मराठीत दिसत होती, नवीन एंट्री केली की प्रश्नचिन्हं. कॉलम सगळे एनव्हारचार, म्हणजे मराठीही मावेल असे, केले होते हो, पण क्वेरीत मजकुराच्या अवतरण चिन्हाआधी एक एन लावावा लागतो, तो नव्हता, त्यामुळे मराठी मजकूर टेबलापर्यंत पोचायच्या आतच वाटेत त्याची प्रश्नचिन्हं होत होती. आणि तीही मोजून, काना, वेलांटी, मात्रा सगळ्यांचं वेगळं चिन्ह. म्हणजे 'कविता' हा प्रकार टाकला की पाच प्रश्नचिन्हं आणि 'विनोद' टाकला तरी पाचच. शोधतानाही एन नाही, त्यामुळे कविता शोधली की विनोद निघायचा. एका वाचकाने तर कळवलं की वर्गीकरणात पहिल्यांदाच प्रामाणिकपणा दिसतोय. मी रात्री दोन वाजेपर्यंत एकेका क्वेरीत एन पेरत बसलो होतो, त्यामुळे हसू आलं नाही.

असा तो शनिवार तीन आठवडे चालला. मग सगळं सुरळीत झालं, वेबसाईट पळायला लागली, कोणी चहाला गेलं म्हणून बंद पडेना. आठवडाभर वाट बघितली आणि एका संध्याकाळी जुनी एमडीबी फाईल काढून टाकायला बसलो. बॅकअप होताच. डिलीट दाबलं तर विंडोज म्हणतं, ही फाईल दुसरीकडे उघडी आहे. नीट बघितलं तर शेजारी ती छोटी एलडीबी.

काकांना फोन लावला.

"काका, तुम्ही जुन्या फाईलमध्ये आहात का?"

"जुनी कुठली? रोजचीच. या आठवड्यातली सगळी पुस्तकं चढवली बघ, थोडीच राहिलीत. तू काही उघडू नकोस हं आत्ता, मी आत आहे."