ऐति. काद. ४१७

नागपुरात मे महिन्यात दुपारी बारा ते पाच काय करावं, हे आमच्या वाडवडिलांनी ठरवून ठेवलं आहे. कूलरसमोर आडवं व्हावं. यंदा मात्र डोळ्यांच्या डॉक्टरांनी माझा मोबाइल पंधरा दिवस बंद केला, आणि मला झोप लागायची ती मोबाइल नाकावर आपटल्यावरच. बायको म्हणाली, "अहो, वाचनालयाचं कार्ड आहे घरात. पुस्तक आणा एखादं. तेही नाकावर पडतं."

वाचनालयातल्या ताईंनी खाकी पुठ्ठ्यात बांधलेला एक ठोकळा पुढे सरकवला. मूळ कव्हर कधीच गेलेलं, आणि त्याच्यासोबत कादंबरीचं नाव, लेखकाचं नाव, सगळंच. पुठ्ठ्यावर शाईने फक्त 'ऐति. काद. ४१७'. ताई म्हणाल्या, "हे न्या भाऊ. सगळे शिव्या देऊन राहिले याले, पण कपाटात एक दिवस टिकत नाही."

कथा आमच्याच गावची निघाली. साल १८१७. महाल भागातला भोसल्यांचा वाडा. आजारी परसोजीराजे, गादीवर डोळा ठेवून असलेले अप्पासाहेब, रेसिडेन्सीत बसून सगळ्यांवर नजर ठेवणारा इंग्रज रेसिडेंट जेन्किन्स, आणि या सगळ्यांमधून अंबाड्यात चिठ्ठ्या लपवून ये-जा करणारी नायिका. तिचं एका शिलेदारावर प्रेम. दोघांपैकी एक जण इंग्रजांचा हेर. कोण, ते शेवटी कळणार. आता माणसाला दुपार घालवायला आणखी काय हवं?

पण कादंबरी वाचायला मिळाली तर ना! प्रत्येक पानाच्या समासात आधीच्या वाचकांनी आपापलं मत नोंदवून ठेवलं होतं. काही ठिकाणी तर समास संपल्यामुळे मतं ओळींच्या मधून वाहत होती, पावसाळ्यातल्या नाग नदीसारखी.

सुरुवातच लाल पेनाने केली. परसोजीराजांच्या मृत्यूच्या रात्री लेखकाने अप्पासाहेबांना शेजारच्या दालनात येरझाऱ्या घालायला लावल्या होत्या. शेजारी लाल शाईत: '१ फेब्रुवारी १८१७. अप्पासाहेब त्या वेळी चांद्याला होते. लेखकाने अभ्यास करावा.' खाली निळं पेन: 'रात्रीतून घोड्यावर आले असतील.' खाली पुन्हा लाल: 'चांदा दीडशे किलोमीटर. घोडा आहे, विमान नाही.' आणि या दोघांच्या खाली, कंटाळलेल्या अक्षरात: 'वाद बाहेर घाला. आम्हाला वाचू द्या.'

पान ३१ वर नायिका चहा पिते. '१८१७ साली महालात चहा???' हे अर्थातच लाल. त्यावर कुणीतरी तोडगा काढला होता: 'जेन्किन्सनं दिला असेल. हेरगिरी फुकट करते का ती?' खरं सांगायचं तर मला हा पुरावा पटला. मी तिथेच नायिकेवर संशय घ्यायला सुरुवात केली.

मग एक संत्र्याच्या बागेचे मालक आले. काटोलकडचे असावेत. शिलेदार श्रावणात नायिकेला संत्र सोलून देतो, ते त्यांना सहन झालं नाही. 'श्रावणात संत्र कुठून आणलं बे? आंबिया बहार दिवाळीच्या आगंमागं, मृग फेब्रुवारी-मार्चात. लेखक पुण्याचा दिसते.' पुढे नायिका विरहात झुरते त्या दोन पानांवर त्यांनी एवढंच लिहिलं: 'हे पोट्टी काहून रडून राहिली, समजून नाही राहिलं.'

पेन्सिलवाले मास्तर वेगळे. मास्तर हे मीच ठरवलं. बारीक, गोल, शाळेच्या फळ्यावरचं अक्षर, आणि मत एकही नाही, फक्त शुद्धलेखन. कादंबरीतलं सर्वात हाताळलेलं पान १४१. त्याचा कोपरा इतक्या बोटांनी झिजलाय की पान वाढत्या चंद्रासारखं दिसतं. तिथे शिलेदार नायिकेच्या ओठांवर ओठ टेकवतो. बाकी सगळ्यांनी इथे लाजून पेन खाली ठेवलेलं. मास्तरांनी मात्र 'टेकविले' मधली 'वि' गोल करून बाजूला लिहिलं: 'टेकवले.' असा माणूस घरात कसा वागत असेल, कोण जाणे.

पण मला खरं वेड लावलं ते जांभळीनं. जांभळी म्हणजे जांभळ्या जेल पेनाने लिहिणारी एक बाई. चिठ्ठी अंबाड्यात लपवण्याच्या जागी तिने लिहिलं होतं: 'मे महिना आहे. घामाने शाई फुटेल. जेन्किन्सला काय वाचता येणार?' दोनशे वर्षांत हा मुद्दा कुणा इतिहासकाराला सुचला नसेल. सीताबर्डीच्या लढाईला लेखकाने दीड पान दिलं आहे आणि नायिकेच्या पैठणीला तीन. लाल पेन साहजिकच खवळलं: '२६ नोव्हेंबर संध्याकाळ ते २७ दुपार, एवढी मोठी लढाई! अरबांनी लहान टेकडी घेतली त्याचा उल्लेखसुद्धा नाही!' जांभळी: 'लढाई दुसऱ्या दिवशी दुपारी संपली ना? पैठणी जन्मभर टिकते.'

मी अक्षरशः उठून बसलो. आता मी कादंबरी सोडून फक्त जांभळी शोधत पानं उलटू लागलो. शिलेदार दमून-भागून येतो आणि नायिकेला विचारतो, 'जेवलीस?' तिथे जांभळीनं दोन रेघा मारल्या होत्या: 'हा निदान विचारतो तरी.' मला त्या बाईची कणव आली. एवढी हुशार बाई, आणि नवरा कसला तो ठोंब्या! मी कूलरमध्ये पाणी घालायला बायकोला हाक मारली आणि पुन्हा वाचू लागलो.

हेर कोण, हा प्रश्न तसाच होता. पान ५६ वर कुणीतरी ते फोडलं होतं: 'खरा हेर म्हणजे...' आणि पुढचे शब्द दुसऱ्या कुणीतरी गिचमिड खोडून लिहिलं होतं: 'कृपया रहस्य फोडू नये. एक वाचक.' मी पान खिडकीच्या उजेडाला धरलं. मागच्या बाजूने बोट फिरवलं. बल्बजवळ नेलं, तेवढ्यात लाइट गेली. कूलर थांबला. बनियन अंगाला चिकटलं. तासाभराने लाइट आली तेव्हा अक्षरं लागली: 'पान २१२ पाहा.' पान २०९ ते २२४ पुस्तकात नव्हतीच. सोळा पानांचा अख्खा फर्मा गळालेला. त्या जागी बांधणीचा दोरा लोंबत होता आणि लाल पेनाने २०८ च्या तळाशी लिहिलं होतं: 'अप्पासाहेब पुढे कैदेतून निसटले व १८४० मध्ये जोधपूरला वारले. एवढे समजले तरी पुरे.'

रात्री जेवताना मी हा सगळा प्रकार घरात सांगितला. भोसल्यांच्या राणी बाकाबाईंचा विषय निघतो त्या पान ८७ वरची जुंपणी तर अभिनय करून वाचून दाखवली. लाल पेनाचं म्हणणं, काळी मारबत, म्हणजे बाकाबाईंचा म्हणून आमच्याकडे मिरवून जाळतात तो पुतळा, निघू लागली १८८१ साली, बाकाबाई गेल्या १८५८ ला; इंग्रजांशी हातमिळवणी केली म्हणून त्यांच्यावर म्हणे लोकांचा राग, पण तो तेवीस वर्षं टिकतो होय? त्यावर जांभळी: 'न टिकायला काय झालं? माझ्या सासूचा चौदा वर्षं टिकलाय.'

आई एवढी हसली की तिला ठसका लागला. "कोण बाई म्हणायची ही! सासूची कीवच येते हो तिच्या." बायको माझ्या ताटात पातोडीचा रस्सा वाढत होती. तिने एक पळी जास्त वाढली, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याचा हिशेब करायला मी कॅलेंडर काढलं. मागच्या महिन्यात तीन ठिकाणी 'खाडा' लिहिलेलं. बायकोचा 'ख' असा सुटासुटा असतो की 'रवाडा' वाचला जातो. लग्नानंतर पहिली दोन वर्षं मी तिला यावरून चिडवत होतो. पुढे व्हॉट्सअ‍ॅप आलं आणि तिचं अक्षर बघण्याचा योगच येईनासा झाला. मी हसलो. मग हसता हसता थांबलो. जांभळीनं पान १६३ वर शिलेदाराच्या शपथेशेजारी 'खोटं!' लिहिलं होतं आणि काल मी ते 'रवोटं' असं वाचून पाच मिनिटं शब्दकोश शोधला होता.

आमच्या लग्नाला सोळा वर्षं झाली. पुस्तक तिने दोन वर्षांपूर्वी आणलं असेल तर... चौदा. हिशेब चोख होता. सासू चौदा वर्षांची. ठोंब्या मी.

मी पुस्तक उघडून ते बाकाबाईंचं पान काढलं आणि खोडरबर शोधू लागलो. जेल पेन खोडरबराने जात नाही, हे माहीत असूनही. पान नीट दाबून उघडलं, तेव्हा आत शिवणीत गेलेली बारीक पेन्सिल दिसली. गोल अक्षर. फळ्यावरचं. चौथीपर्यंत मी याच अक्षरावरून पाढे उतरवून घेतले होते, कारण वर्गात आणि घरात शिक्षिका एकच होती.

''टिकलाय' नव्हे, 'टिकला आहे'. आणि सून तशी असली की टिकतो.'

मला आधी पान १४१ आठवलं. ते मी लगेच विसरायचा प्रयत्न केला.

बारा वाजता, रस्त्यावर कुत्रंही नसताना, डोक्याला दुपट्टा गुंडाळून मी पुस्तक परत करायला निघालो. चप्पल घालतो तोच आतून आईचा आवाज आला.

"कुठं चालला रे एवढ्या उन्हात? ते पुस्तक नको नेऊ आजच. पान ८७ पाहू दे मला जरा. उत्तर आलं का ते बघते."