घरात मूर्ती नाही, म्हणून आपण सुटलो?

ख्रिस्ती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतो. दर थोड्या दिवसांनी नवा फोटो चिकटवून परत येतो. मजकूर थोडक्यात असा: जुन्या करारातले संदेष्टे परराष्ट्रांच्या मूर्तींविरुद्ध उभे राहिले, इस्राएलाने खऱ्या देवाला सोडून दुसरे देव धरले म्हणून त्याचा नाश झाला, आपल्या घरात मूर्ती नाही, म्हणजे आपण एकनिष्ठ, आणि एकनिष्ठ माणसाला देव काही कमी पडू देत नाही. खाली 'आमेन' लिहून पुढे पाठवायची आज्ञा.

चारही विधानं कानाला शास्त्रातली वाटतात. शास्त्र उघडलं की गडबड दिसते.

परराष्ट्रांच्या मूर्ती हा संदेष्ट्यांचा मुख्य विषय होता, हे पहिलं. आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकाचे पहिले दोन अध्याय काढा. इ.स.पू. आठव्या शतकात तकोवाचा हा मेंढपाळ उत्तरेच्या राज्यात येतो (तेव्हा देश उत्तरेत इस्राएल आणि दक्षिणेत यहूदा असा दुभंगलेला होता) आणि शेजारच्या राष्ट्रांची एकेक करून नावं घेतो: दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब. आरोप काय? दिमिष्काने इस्राएलाच्या गिलाद प्रांताला लोखंडी औतांखाली मळून काढलं. गज्जाने गावंच्या गावं पकडून अदोमाच्या हवाली केली. अम्मोन्यांनी आपली हद्द वाढवायला गर्भवतींची पोटं चिरली. मवाबाने अदोमाच्या राजाची हाडं जाळून चुना केला. या सगळ्यांकडे देवळं होती, देव होते. आमोस त्यांचं नावही काढत नाही. त्याला राग येतो तो माणसांच्या हालांचा. ऐकणारे इस्राएली इथवर खूश असणार. मग तो त्यांच्यावरच घसरतो: तुम्ही पायतणाच्या जोडीसाठी गरिबाला विकता.

यशयाच्या पुस्तकात मूर्तींची थट्टा आहे, ती मी नाकारत नाही. झाड तोडायचं, अर्ध्या लाकडावर भाकरी भाजायची, मांस भाजायचं, शेक घ्यायचा आणि उरलेल्या तुकड्याचा देव करून त्याच्या पाया पडायचं. झणझणीत उतारा आहे. पण तो सांगितला कोणाला? बाबेलच्या सत्तेखाली दबलेल्या यहुद्यांना, जेत्यांचे देव आपल्या देवाहून मोठे ठरले असं वाटू लागलेल्यांना. शेजारणीच्या देव्हाऱ्यावर तोंड टाकायला तोच उतारा वापरणं म्हणजे बायबल उलटं धरून वाचणं.

दुसरं विधान: खऱ्या देवाला सोडलं. कुठे सोडलं? उत्तरेच्या राज्याचा पहिला राजा यराबाम याने बेथेल आणि दान इथे सोन्याची वासरं बसवली तेव्हा तो लोकांना म्हणाला की मिसरातून तुम्हांला बाहेर काढणारे हेच. म्हणजे कथा जुनीच, श्रेयही जुनंच. कारण मात्र राजकीय होतं. लोक सणाला यरुशलेमेस जात राहिले तर त्यांचं मन दक्षिणेत राज्य करणाऱ्या दाविदाच्या घराण्याकडे वळेल, ही धास्ती. पुढे बेथेलच्या याजकाने, अमस्याने, आमोसाला हाकललं तेव्हा त्याच्या तोंडून खरं निघून गेलं: हे राजाचं पवित्रस्थान आहे.

सिनाईच्या वाळवंटात कुंतिल्लेत अजरूद इथे १९७५-७६ साली उत्खनन झालं. तिथे मोठ्या रांजणांवर इ.स.पू. आठव्या शतकाच्या आसपासचे आशीर्वाद लिहिलेले सापडले. 'शोमरोनचा यहोवा आणि त्याची अशेरा' यांच्या नावाने. शोमरोन ही उत्तरेची राजधानी, यहोवा हे इस्राएलाच्या देवाचं नाव. अशेरा म्हणजे देवी की तिचा खांब, यावर अभ्यासक अजून भांडतात. आपल्यापुरता मुद्दा वेगळा आहे. यहोवाचं नाव पुसलेलं नाही, पहिलं तेच आहे.

आणि नहुश्तान? तो पितळी साप तर मोशेने देवाच्या सांगण्यावरून केला होता. त्याच्याकडे पाहून सर्पदंश झालेली माणसं वाचली. पुढे लोक त्यालाच धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला. आज अभिषेकाच्या तेलाची बाटली गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून बिनधास्त ओव्हरटेक करणाऱ्या बंधूंनी हे वचन (२ राजे १८:४) एकदा सावकाश वाचावं.

तिसऱ्या विधानाला फार वेळ द्यायची गरज नाही, कारण त्याला यिर्मया संदेष्ट्याने यरुशलेमच्या मंदिराच्या दारातच उत्तर दिलंय. त्या मंदिरात देवाची मूर्ती नव्हती. लोक 'परमेश्वराचं मंदिर' हे शब्द तीन तीनदा घोकत होते आणि बाहेर चोरी, खून, व्यभिचार, खोट्या शपथा चालू. शिलोला, देवाच्या जुन्या, उद्ध्वस्त झालेल्या पवित्रस्थानी, जाऊन बघा काय झालं ते, असं तो म्हणाला. यहेज्केल संदेष्ट्याकडे वडीलधारे सल्ला विचारायला येऊन बसले, तर त्याला कळलं की यांच्या मूर्ती यांच्या हृदयात आहेत. होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात पश्चात्तापाची प्रार्थना आहे. तिच्यात हातांनी केलेल्या देवांच्या आधी दोन गोष्टी सोडायच्या आहेत: अश्शूरचा आधार आणि घोडे. महासत्ता आणि सैन्य. भिंतीवरचं देवांच्या चित्राचं कॅलेंडर उतरवणं त्या मानाने सोपं.

आता चौथं, सगळ्यांत गोड: एकनिष्ठ राहा, काही कमी पडणार नाही. चर्चमध्ये साक्ष देण्याच्या वेळी आपण हेच ऐकतो. प्रार्थना केली, व्हिसा आला. दशांश (कमाईचा दहावा हिस्सा) दिला, प्लॉट झाला. कुणाला आनंद झाला तर तो सांगू नये असं मी म्हणत नाही. पण हा युक्तिवाद बायबलात उघडपणे कोण करतं ते पाहा.

यरुशलेम पडल्यावर, इ.स.पू. ५८६ नंतर, उरलेसुरले लोक मिसरात पळाले आणि यिर्मयालाही ओढत घेऊन गेले. तिथे तो त्यांना आकाशराणी या देवीची पूजा सोडा म्हणाला. ही पूजा घरगुती होती: मुलं लाकडं गोळा करत, बाप विस्तव पेटवत, बायका कणीक मळून तिच्यासाठी पोळ्या करत. लोकांनी साफ नकार दिला. आम्ही तिला धूप जाळत होतो तेव्हा पोटभर खायला होतं, संकट माहीत नव्हतं. बंद केलं तेव्हापासून तलवार आणि दुष्काळ. (यिर्मया ४४.) त्यांचा हिशोब खोटा नव्हता. यहूदाच्या योशीया राजाने इ.स.पू. ६२२ च्या सुमारास मूर्ती फोडल्या, वेद्या पाडल्या, आणि ६०९ मध्ये तोच राजा मगिद्दोजवळ मारला गेला. त्यानंतर देशाची घसरणच झाली. भरभराट हीच कसोटी धरली तर वाद त्या बायकांनी जिंकलेला आहे.

यिर्मयाने त्यांना आकडे दाखवून उत्तर दिलं नाही. त्याच्याकडे दाखवण्यासारखं होतंही काय? चिखलाच्या हौदात टाकलेला, बायकामुलं नसलेला, नको म्हणत असताना परदेशात नेलेला म्हातारा. त्या मेसेजच्या मोजपट्टीने इस्राएलात त्याच्याइतका देवाशी बेइमान माणूस सापडायचा नाही.