पुण्यात उणे चाळीस

५९० रुपये. ५०० 'स्कॅनिंग चार्जेस' आणि वर ९० जीएसटी. सर्व्हिस सेंटरमधल्या, जेमतेम मिसरूड फुटलेल्या पोराने लॅपटॉप लावला, बॉनेट उघडलं, एअर फिल्टरच्या डब्यामागे हात घातला, 'टक्' असा आवाज झाला आणि तो म्हणाला, "काका, वायरीचा प्लग लावायचा राहिला होता. घरी उघडलं होतं का?" यातला 'घरी' त्याने असा काही उच्चारला, की मी अपेंडिक्स घरी काढलंय असं शेजारच्या गिऱ्हाइकाला वाटलं असावं. या सगळ्यापेक्षा पावती छापायलाच जास्त वेळ लागला.

काम किरकोळ होतं. चार स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर. आमच्या गाडीत फिल्टरचा डबा इंजिनाच्या डोक्यावर बसतो, तेव्हा आधी तो काढायचा, मग प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या प्रत्येक कॉइलचा १० चा बोल्ट, मग १६ च्या लांब सॉकेटने प्लग. नवा प्लग आधी नुसत्या हाताने फिरवायचा, वॉशर टेकला की पान्याने अर्धा फेरा. त्याहून जोर केला की ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे जातात, आणि तसं झालं की ५९० रुपये म्हणजे प्रसाद वाटतो. हे सगळं मी शिस्तीत केलं.

तरी इंजिन थरथरलं आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला. हा पिवळा दिवा नुसता पेटला तर चहा पिऊन मग बघितलं तरी चालतं. लुकलुकला तर इंजिन आधी बंद करायचं, कारण एखादा सिलिंडर मिसफायर होतोय, त्यातलं न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतंय आणि कन्व्हर्टर आतून वितळू शकतो. पाहिलं तर दोन नंबरच्या कॉइलचा कनेक्टर अर्धवट बसलेला. दाबला. थरथर गेली, दिवा मात्र स्थिर होऊन राहिला. तो राहणारच. दोष गेल्यावरही बहुतेक गाड्या साधारण तीन खेपा नीट झाल्याशिवाय तो विझवत नाहीत. म्हणून स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये ब्लूटूथचा स्कॅनर खोचला, चावी ऑनवर ठेवली आणि मोबाइल हातात घेतला.

एवढ्यात अण्णा आले.

अण्णा आमच्या तिसऱ्या मजल्यावर राहतात. सकाळी दुधाची पिशवी घेऊन निघतात आणि ते दूध घरी पोचेपर्यंत पार्किंगमधल्या यच्चयावत गाड्यांची विचारपूस करतात. ते माझ्यामागे उभे राहिले. पिशवीतून थंड पाणी माझ्या मानेवर ठिबकत होतं.

"काय बिघडलं?"

"काही नाही अण्णा. कोड बघतोय."

"कोड? अंगावर?"

"गाडीचा. एरर कोड."

"आमच्या ॲम्बॅसिडरला असला दिवाच नव्हता. सत्तावीस वर्षं चालली. दिवा नाही, तर बिघाड नाही."

यावर बोलण्यात अर्थ नव्हता. स्क्रीनवर दोन ओळी आल्या. वरची पी०३०२, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरचा मिसफायर. ती ओळखीची. खालची ओळ पी०१ अशी सुरू होत होती, आणि मी चष्मा कपाळावरून नाकावर आणेपर्यंत माझ्या खांद्यावरून एक बोट पुढे आलं.

"हे लाल काय आहे?"

"अण्णा, नको—"

"विचारतंय ते, 'क्लिअर करू का?' म्हणून. हो म्हटलं मी." आणि डॅशबोर्डकडे बोट दाखवून, दहावीचा निकाल सांगावा तसं, "गेला बघा दिवा! तुम्ही उगाच तासभर घालवलात."

क्लिअर केल्याने नुसते आकडे जात नाहीत. कोड आला त्या क्षणी इंजिन किती फेऱ्यांवर होतं, किती तापलेलं होतं, भार किती होता, याची नोंद ईसीयूने, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाने, ठेवलेली असते, तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. ती जाते. इंधन किती कमी-जास्त करायचं याचा महिनोन्‌महिने जमवलेला हिशेब जातो. गाडीच्या स्वयंतपासणीचे सगळे रकाने पुन्हा कोरे होतात, त्यामुळे कॅलिफोर्नियातल्या मराठी माणसाने स्मॉग चेकच्या, म्हणजे तिथल्या धुराच्या तपासणीच्या, आदल्या दिवशी हे बटण दाबलं तर गाडी तपासणीत परत पाठवतात. शहाण्या माणसाने आधी स्क्रीनचा फोटो काढावा, पेंडिंग, म्हणजे अजून पक्के न झालेल्या, कोडचं पान उघडावं, मग काय पुसायचं ते पुसावं. मी शहाणाच आहे. माझा फोन अण्णांच्या बोटाखाली होता.

वर जाताना ते म्हणाले, "यंत्र चांगलंय. दोन दिवस देता का? नाशिकला चाललोय, आमच्याही गाडीला लावून बघतो."

नाही म्हणता आलं नाही. सोसायटीत पाण्याच्या टँकरचा हिशेब त्यांच्याकडे असतो.

तिसऱ्या दिवशी दिवा परत आला. स्कॅनर नाशकात, माझ्या हातात फक्त 'पी०१'. यातला पी इंजिन-गिअरबॉक्सचा, शून्य म्हणजे सर्व कंपन्यांना सामाईक कोड, आणि पुढचा १ म्हणजे हवा-इंधनाचं खातं. खातं कळलं, पण त्या खात्यात ऑक्सिजन सेन्सरपासून थ्रॉटलपर्यंत सगळं गणगोत बसतं. मी संशय व्हॅक्यूमच्या नळ्यांवर धरला. डबा काढताना एखादी सुटली असेल म्हणून थंड इंजिन सुरू करून सांध्यांवर कार्ब क्लीनर थोडा थोडा फवारला. गळती असेल तिथे आयडलिंग बदलतं. बदललं नाही. गाडी झकास चालत होती, आणि इथेच मी फसलो.

सुटलेला प्लग इनटेक एअर टेंपरेचर सेन्सरचा, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा होता. कोड पी०११३. या सेन्सरचा रोध, म्हणजे रेझिस्टन्स, गारठ्यात वाढतो. प्लगच नसेल तर ईसीयूला जणू अनंत रोध दिसतो, पूर्ण ५ व्होल्ट मिळतात, आणि तो हवेचं तापमान धरतो उणे ४० अंश. मे महिन्यात, कोथरूडमध्ये, पत्र्याच्या शेडखाली. स्कॅनरच्या लाइव्ह डेटात तो एक आकडा दिसला असता तरी काम दोन मिनिटांचं होतं. उणे ४० दिसलं की सेन्सर विकत आणायला धावायचं नाही. आधी प्लग, मग पिना, मग वायर. वायरीवर संशय असेल तर प्लगच्या दोन पिना तारेने जोडून बघायच्या, आकडा एकदम शंभराच्या वर उडाला तर वायर आणि ईसीयू दोन्ही ठीक, सेन्सर मेलेला. कोड पक्का झाल्यावर ईसीयू या सेन्सरचं ऐकणं सोडतो आणि मनाशी एक ठोकळ तापमान धरून गाडी हाकतो. म्हणून चालवताना काही जाणवत नाही. आमच्या घरातही माझ्या मताच्या बाबतीत हीच पद्धत आहे.

आणि तो प्लग बसतो डब्याच्या मागच्या अंगाला. डबा परत बसवला की दिसत नाही, चाचपूनच शोधावा लागतो. ज्याने ही जागा निवडली त्याने स्वतः कधी स्पार्क प्लग बदलला नसणार. आधी प्लग जोडून मग डबा ठेवायचा, हे ५९० रुपये भरल्यावर अक्कलखाती जमा झालं.

दोन दिवसांचे पंधरा दिवस झाले. काल अण्णांचा नाशिकहून फोन आला. चढा आवाज.

"अहो, तुमच्या यंत्रानं आमची बॅटरी खाल्ली!"

"अण्णा, ते लावूनच ठेवलंत?"

"म्हणजे काय? लावल्याशिवाय कळणार कसं?"

त्या सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनेवर चावी काढली तरी बॅटरीचा करंट चालू असतो. स्वस्तातला स्कॅनर ४०-५० मिलिअँपिअर ओढतो, म्हणजे दिवसाला सुमारे एक अँपिअर-तास. ३५ अँपिअर-तासांची जुनी बॅटरी, गाडी अंगणात उभी. पंधरवडा पुष्कळ झाला. हे सगळं मी त्यांना नीट, सावकाश समजावून सांगितलं.

ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "ते असू द्या. नवी बॅटरी साडेतीन हजारांना पडली. निम्मे तुम्ही द्या, निम्मे मी घालतो."