विश्रांतीचे कष्ट

परदेशी शिकणाऱ्या मुलाचा शनिवार-रविवार कसा जातो, हे आमच्या नातेवाइकांनी परस्पर ठरवून टाकलं आहे. शनिवारी पॅरिस, रविवारी स्वित्झर्लंड, मधल्या वेळात बर्फात फोटो. मी श्टुटगार्टला एका जर्मन कुटुंबात राहतो. माझा शनिवार जिन्यात जातो.

या श्वाबियन मुलखात ‘केअरवोखं’ नावाची प्रथा आहे. इमारतीतल्या बिऱ्हाडांनी आळीपाळीने एकेक आठवडा जिना, तळघर आणि समोरचा फुटपाथ झाडायचा. ज्याची पाळी, त्याच्या दारावर पाटी. पाळी संपली की पाटी शेजारच्या दारावर. रस्ते झाडण्याचा हुकूम इथल्या ड्यूकने १७१४ साली काढला होता. शहराने १९८८ मध्ये सक्ती उठवली, पण आमच्या इमारतीला ते कुणी कळवलेलं दिसत नाही. आता ती भाडेकरारात जाऊन बसली आहे.

कोल्हापुरात आईने “जरा केर काढ रे” म्हटलं की मला तातडीने अभ्यास आठवायचा. इथे ती मात्रा चालत नाही, कारण सत्तरीचे घरमालक काका स्वतः सुपली घेऊन दारात उभे असतात. जिना इतका लख्ख की पायऱ्यांवर पंगत बसवावी. पण काकांचं म्हणणं, झाडल्याचा आवाज आला पाहिजे. नाहीतर तळमजल्यावरच्या आजींना वाटेल, आपण टाळलंच! म्हणून मी नसलेला केर मोठ्याने काढतो. मी शेवटच्या पायरीवर पोचलो की आजींना नेमकं तेव्हाच पायपुसणं झटकायचं असतं. एकदा त्यांनी “छान” म्हणून मान डोलावली. मी फुशारतोय तोच त्यांनी बोटाने कठड्याची खालची बाजू दाखवली.

त्यानंतर बाटल्या. पांढरी काच, हिरवी काच, तपकिरी काच, तीन वेगळ्या टाक्या. हे शनिवारीच उरकायचं, कारण रविवारी बाटली टाकली तर खळ्ळकन आवाज होतो. दूधही शनिवारीच आणून ठेवायचं. रविवारी दुकानं बंद. विसरलात तर कोरा चहा प्या, नाहीतर मोठ्या स्टेशनवरचं दुकान गाठा.

रविवारला इथे थेट राज्यघटनेचं संरक्षण आहे. कामापासून विश्रांती आणि आत्मिक उन्नती यांसाठी हा दिवस राखून ठेवावा, असं १९१९ च्या वायमार घटनेत लिहिलं होतं. आजच्या घटनेने कलम १४० मधून ते तसंच पुढे चालवलं. (रविवारी दहापर्यंत लोळणाऱ्या माणसाबद्दल आई जे बोलते, ते कुठल्याच घटनेत बसणार नाही.)

गेल्या रविवारी घरमालकीण काकूंच्या फर्माईशीवरून कोल्हापुरी कोंबडीचा बेत होता. कांदा-खोबरं खरपूस भाजलं, तीळ परतले. खसखस इथे मुबलक, लोक केकात घालतात. सगळं भांड्यात भरलं, गावाहून आणलेला मिक्सर सुरू केला आणि तो जेमतेम घरघरला तोच काकू धावत आल्या. “अरे, आज रविवार!” चेहरा असा, की मी देवघरात चपला घालून शिरलोय.

मग काकांनी कपाटातून दगडी खल काढला. खलाखाली टॉवेलाची घडी, तिच्याखाली उशी. मी बत्ता हाणायचा आणि काकांनी दर ठोक्याला खल दोन्ही हातांनी दाबून धरायचा. खोबरं उडून काकांच्या चष्म्यावर बसलं. काकू दाराशी कान लावून खालचा अंदाज घेत होत्या. तासाभराने जे जाडंभरडं वाटण हाती आलं, ते आईने कोंबडीला लावू दिलं नसतं. रस्सा मात्र झाला फर्मास. काकांचं नाक-डोळे वाहत होते आणि ते पाव बुडवून वाडगा निपटत होते. विश्रांतीने माझा उजवा दंड दुखायला लागला होता.

दुपारी कॉफी आणि केक, मग सक्तीचं फिरणं. तेही विश्रांतीतच मोडतं.

रात्री सव्वाआठला मात्र सगळे टीव्हीपुढे. रविवारची गुन्हेमालिका इथे १९७० पासून चालू आहे आणि त्या वेळी कुणी कुणाला फोन करत नाही. पहिल्या पाचच मिनिटांत एकाला कारखान्यात मोठ्या आवाजात ठार मारलं. काकूंनी आवाज आणखी वाढवला. खालून आजींच्या टीव्हीतही तीच किंकाळी स्पष्ट ऐकू आली.